कारवीचा कूड आणि पायाखालची जागा

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील शेतमजुराचे व जंगलमजुराचे जुने घर एका खणाचे, फार तर दोन खणांचे असते. मध्ये मेढी, मेढींवर आढे, आढ्यापासून दोन्ही अंगांना उतरणारे वासे, भिंतीच्या जागी कारवीचा कूड आणि वर गवत, भाताचा पेंढा किंवा नळीची कौले. कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी यांच्या वाड्या-पाड्यांवर आणि कुणबी गावांच्या कडेच्या भूमिहीनांत दोन पिढ्यांपूर्वी हे घर सर्रास दिसे. आता ते भराभर मोडते आहे आणि त्याच्या जागी सिमेंटचे घरकुल किंवा पत्र्याचे खोपट उभे राहते आहे. या घराला वारसा म्हणायचे असेल, तर त्यातून दोन निरनिराळ्या गोष्टी पुढच्या पिढीकडे आल्या हे आधी मान्य करावे लागेल. एक म्हणजे बांधण्याची विद्या, दुसरी म्हणजे जागेची अशाश्वती. पहिली राखण्याजोगी आहे, दुसरी संपवण्याजोगी. आजवर सरकारने आणि वारसाप्रेमींनीही बहुतेक वेळा याच्या उलटे केले. विद्या जाऊ दिली आणि अशाश्वती तशीच ठेवली.

सरकारी अर्थाने वारसा म्हणता येईल असे या दोन तालुक्यांत पुष्कळ आहे. शहापूरचा माहुली किल्ला आहे. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही फौजांच्या वेढ्यापुढे शहाजीराजांना तो सोडावा लागला. मुरबाडच्या वैशाखऱ्याहून चढणारा नाणेघाट आणि त्याच्या लेण्यातला सातवाहनांचा शिलालेख आहे. २ जानेवारी १९४३ रोजी क्रांतिकारक भाई कोतवाल आणि हिराजी पाटील जिथे गोळीबारात पडले ते सिद्धगडचे रान आहे. १८९२ मध्ये पुरे झालेले आणि आजही मुंबईला पाणी देणारे तानसा धरण आहे. १८६५ मध्ये सुरू झालेला, सदतिसास एक चढणीचा कसारा घाटातला लोहमार्ग आहे. हे सगळे दगडाचे, चुन्याचे, लोखंडाचे आहे, म्हणून टिकले आणि म्हणूनच नोंदले गेले. १९५८ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्राचीन स्मारक ठरायला वास्तू किमान शंभर वर्षे अस्तित्वात असावी लागते. कारवीचा कूड शंभर वर्षे टिकत नाही आणि त्याने टिकावे अशी बांधणाऱ्याची अपेक्षाही नसते. तेव्हा मजुराचे घर या कायद्याच्या व्याख्येत कधीच बसणार नाही. मात्र यातून घराचे मोल कमी ठरत नाही. कायद्याची फूटपट्टी दगडासाठी केलेली आहे एवढेच ठरते.

हे घर बांधायला सुरुवात होते ती जोत्यापासून. दगड-मातीचे जोते जमिनीपासून हात-दीड हात उचलून घेतात, कारण पावसाळ्यात अंगणातून पाण्याचे लोट वाहतात. दुबेळक्याच्या मेढी खड्ड्यात ठोकून पुरतात, त्यांच्या बेचक्यात आढे बसते. वासे आढ्यावर टेकवून बांधतात. या बांधणीत खिळा लागत नाही. दोर म्हणून झाडाची साल, वेल किंवा बांबूच्या ओल्या कामट्या वापरतात. ओली कामटी वाळली की आवळत जाते आणि गाठ आणखी पक्की होते. मग कूड. हाताच्या बोटाएवढ्या किंवा थोड्या जाड कारवीच्या काठ्या एकीला एक लावून उभ्या करायच्या, आडव्या कामट्यांच्या दोन-तीन पट्ट्यांत धरायच्या आणि आतून-बाहेरून माती, शेण आणि भाताचा तूस कालवून लिंपायचे. वळचणीजवळचा वरचा हातभर पट्टा पुष्कळदा न लिंपताच सोडतात. चुलीचा धूर तिथून बाहेर जातो आणि उजेड तिथूनच आत येतो. पाहुण्याला हे अर्धवट राहिलेले काम वाटते. प्रत्यक्षात घराची खिडकी आणि धुराडे दोन्ही तीच.

धुराचेही काम असते. चुलीचा धूर छपरात मुरतो, पेंढ्याला आणि वाशांना कीड लागू देत नाही, आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसे आणि शेंगांच्या जुड्या वर्षभर राखतो. त्याच धुराने बाईचे डोळे आणि छाती जाते हेही तितकेच खरे. पावसाच्या बाजूची व्यवस्था वेगळीच असते. या तालुक्यांत वर्षाला दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि झड पश्चिमेकडून येते. म्हणून पाखे उतरते ठेवतात, वळचण इतकी खाली आणतात की दारातून वाकूनच आत जावे लागते, आणि आगोटीच्या आधी कुडाबाहेर पेंढ्याचे किंवा पानांचे झाप बांधतात. मातीच्या भिंतीला पाण्याचा थेंब लागू न देणे हे या बांधणीचे सगळे शास्त्र. ते जमले तर कूड बरीच वर्षे निभावतो. वळचण तोकडी पडली तर एका पावसात लिंपण गळते.

कारवीचा हिशेब मात्र माणसाच्या हातात नसतो. सह्याद्रीच्या उतारांवर, माळशेज, नाणेघाट, सिद्धगड, आजोबा, माहुलीच्या अंगाखांद्यावर ती दाट वाढते. साधारण आठ वर्षांनी एकदम फुलते, बी धरते आणि मरते. एरवी ओली काठी तोडली तर ती लवकर किडते. फुलून वाळलेल्या कारवीची काठी टणक निघते. त्यामुळे कूड नवा करण्याचे वर्ष आणि कारवी वाळण्याचे वर्ष यांचा मेळ घालणे हे घर चालवण्याच्या शहाणपणात मोडत असे. कुठल्या उतारावरची कारवी केव्हा फुलली होती हे म्हाताऱ्यांना पाठ असे. जंगलाची अशी नोंद वनखात्याच्या कागदांत शोधायला गेले तर सहजी सापडायची नाही.

ही विद्या वाखाणताना थांबावे लागते, कारण या घराचा लहानपणा सगळाच हौसेचा नव्हता. १८७८ च्या वन कायद्याने ठाणे जिल्ह्यातले मोठे रान राखीव झाले. साग, शिसव यांसारख्या झाडांवर सरकारचा हक्क होताच. भाताच्या रोपासाठी राब भाजायला लागणारी टहाळी तोडण्यावरूनही इतका असंतोष उसळला की १८८५ मध्ये मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला आणि ठाणे-कुलाब्याच्या तक्रारी ऐकाव्या लागल्या. जिथे राबाची टहाळी भांडून मिळवायची, तिथे सागाच्या खांबाची भाषा मजुराने करायची नाही. कातकऱ्यांचे तर नावच खैराच्या काताशी जोडलेले. कात काढणे, मग कोळशाच्या भट्ट्या लावणे, मग जंगलतोडीची मजुरी असा त्यांचा प्रवास झाला. रान त्यांच्या हातून गेले तसे घराचे सामानही हलके होत गेले.

दुसरे कारण जमिनीचे. शेतजमीन सावकार-जमीनदाराची, घराची जागाही त्याचीच. लग्नासाठी पैसे घेऊन त्या कर्जापोटी नवरा-बायकोने वर्षानुवर्षे राबायचे, अशा माणसाला ठाणे जिल्ह्यात ‘लग्नगडी’ म्हणत. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली जे प्रदेश ‘अंशतः वगळलेले’ ठरले, त्यांत डहाणू आणि शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे होते. त्या प्रदेशांची पाहणी डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस केली, तेव्हा कर्ज आणि वेठ यांचे चित्र सरकारी कागदावर आले. जानेवारी १९४५ मध्ये शेजारच्या टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूत वारल्यांनी वेठ नाकारली. किसान सभेच्या गोदावरी आणि शामराव परुळेकर यांचे काम या लढ्यातून सर्वांना ठाऊक झाले. लग्नगड्याने पक्के घर का बांधले नाही, हा प्रश्नच गैरलागू आहे. मालकाने हाकलले तर मेढी उपटून दुसरीकडे नेता याव्यात, असे घर त्याच्या परिस्थितीला शोभणारे होते. कारवीच्या कुडाला पर्यावरणस्नेही, निसर्गाशी एकरूप वगैरे म्हणणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये. हलके घर हे काही अंशी हाकलले जाण्याच्या भीतीचे स्थापत्य आहे.

जागेच्या या प्रश्नावर कायद्याने उत्तर दिले, तेही लवकर. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ म्हणजे लोकांच्या तोंडचा कूळ कायदा, कसणाऱ्याच्या जमिनीबद्दल प्रसिद्ध आहे. १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन पुस्तकांत येतो. त्याच कायद्याची १६ ते १८ ही कलमे मात्र फारशी कोणाच्या ओठी नसतात. कुळाने स्वखर्चाने मालकाच्या जागेवर घर बांधले असेल तर त्याला त्या घरातून हुसकावता येत नाही, मालकाने ती जागा विकायला काढली तर पहिला हक्क कुळाचा, आणि पुढच्या दुरुस्तीनुसार ती जागा कुळाने विकत घेतल्याचे मानण्याचीही तरतूद झाली. अठरावे कलम हेच संरक्षण शेतमजूर आणि कारागीर यांच्या घरांना लावते. म्हणजे कातकऱ्याच्या खोपटाखालच्या जमिनीबद्दल राज्याचा कायदा सात दशकांहून जास्त काळ बोलतो आहे.

अडचण पुराव्याची आहे. कायद्याला घराची जुनी वहिवाट दाखवावी लागते आणि कुडाच्या घराने मागे काही ठेवलेले नसते. कूड नवा, पेंढा नवा, मेढही बदललेली. घर त्याच जागी साठ वर्षे असले तरी घरातली एकही वस्तू साठ वर्षांची नसते. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये घराची नोंद नसेल, सातबाऱ्यावर मालकाचे नाव असेल आणि कुटुंब वर्षातले सहा महिने बाहेरगावी असेल, तर ‘ही वस्ती कालपरवाची आहे’ असे सांगणे मालकाला सोपे जाते. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांनी बन्सी घेवडे यांच्यासह कातकऱ्यांच्या वाड्यांवर केलेले, २०१३ मध्ये पुस्तकरूपाने आलेले काम याच प्रश्नाभोवती आहे. कातकरी वाड्या खासगी जमिनींवर वसलेल्या असणे आणि जमिनीचे भाव चढले की त्या उठवण्याचा दबाव येणे हे रायगड-ठाण्याचे जुने दुखणे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. तो शहापुरातूनच जातो. बंगल्यांच्या प्लॉटच्या जाहिराती तर त्याआधीपासूनच मुरबाड रस्त्यावर लागलेल्या आहेत.

कुटुंब बाहेरगावी जाते ते वीटभट्टीवर. दिवाळीनंतर मालक उचल देतो, घरचे सगळे भिवंडी, कल्याण, पनवेलच्या पट्ट्यात विटा पाडायला जातात, आठवड्याला खर्ची मिळते आणि पावसाच्या तोंडावर हिशेब होतो. हिशेबात उचल फिटत नाही, म्हणून पुढच्या वर्षीही तोच मालक. भट्टीवरचे घर म्हणजे कच्च्या विटा चुन्या-सिमेंटाशिवाय एकावर एक रचून कमरेएवढ्या केलेल्या भिंती आणि वर प्लॅस्टिक किंवा पेंढा. महानगराच्या इमारतींना वीट पुरवणाऱ्या माणसाचे घर विटेचे असते ते असे. या स्थलांतराने गावच्या कुडाचेही नुकसान केले. कारवी तोडायची, कामट्या काढायच्या, लिंपण नवे करायचे ते सगळे काम कोरड्या दिवसांत. आणि नेमके तेच दिवस भट्टीचे. मे अखेर माणसे परततात तेव्हा हातात पंधरा-वीस दिवस असतात. त्यात छप्पर शाकारावे की पेरणीची तयारी करावी? प्लॅस्टिकचा कागद पेंढ्यावर टाकून निभावून नेणे मग सगळ्यांत सोपे. कूड पोरांना आवडेनासा झाला म्हणून गेला, असे सहसा सांगितले जाते. कॅलेंडरने तो घालवला हे जास्त खरे.

राहिलेले काम घरकुल योजनांनी केले. १९८५ पासून इंदिरा आवास, २०१६ पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण), आदिवासींसाठी राज्याची शबरी योजना आणि १५ नोव्हेंबर २०२३ रोजी जाहीर झालेले पीएम-जनमन, ज्यात कातकऱ्यांसारख्या विशेष असुरक्षित जमातींच्या घराला दोन लाख रुपये मिळतात. या योजना चुकीच्या आहेत असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. साप, आग, गळती आणि दर आठ-पंधरा दिवसांनी सारवण करणाऱ्या बाईचे श्रम ज्यांनी पाहिले आहेत, ते पक्क्या भिंतीला नाव ठेवणार नाहीत. सारवण कोण करते हे विसरून सारवलेल्या भुईचे कौतुक करणे ही शहरी लेखणीची जुनी खोड आहे. प्रश्न आहे तो मोजणीचा. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय पाहणीत वंचिततेचा पहिला निकषच ‘एकच खोली, कच्च्या भिंती, कच्चे छप्पर’ असा होता. आदिम जमाती आणि कायद्याने मुक्त झालेले वेठबिगार यांचा समावेश तर आपोआप होई. कूड हा अशा रीतीने केवळ गरिबीचा पुरावा झाला. यादीत नाव येईपर्यंत तो उभा ठेवायचा आणि हप्ता आला की पाडायचा. बांधण्याची एक पद्धत म्हणून त्याची नोंद कोणत्याच रकान्यात नाही.

गंमत अशी की केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाकडे याच योजनेसाठी ‘पहल’ नावाचा ग्रंथ आहे: प्रकृती, हुनर, लोकविद्या. राज्याराज्यांतल्या स्थानिक साहित्यावर आधारलेले, अभियंत्यांनी तपासलेले घरांचे आराखडे त्यात आहेत. पक्के घर म्हणजे नीट देखभाल केली तर तीस वर्षे टिकणारे घर, असे योजनेचे नियम सांगतात. ते सिमेंटचेच असावे असे नियम म्हणत नाहीत. घर किमान २५ चौरस मीटरचे हवे, एवढेच. पण वाडीवर उभे राहते ते घरकुल सगळीकडे एकाच साच्याचे. खोल वळचण नाही, ओटी नाही, धूर जायला वाट नाही. मग त्याच्यापुढे कुटुंब स्वखर्चाने मेढी रोवून पडवी काढते आणि चूल तिथे मांडते. एप्रिल-मेत दुपारी माणसे बसतात ती या पडवीत. ही पडवी म्हणजे लोकांनी आराखड्यावर केलेली दुरुस्ती आहे. ती आराखड्यातच यायला हवी होती.

मग राखायचे कसे? एक मार्ग संग्रहालयाचा. स्टॉकहोममधील १८९१ च्या स्कान्सेन या उघड्यावरच्या संग्रहालयात जमीनदारांच्या घरांबरोबर ‘स्तातारे’ या वेठीसारख्या करारावर राबणाऱ्या शेतमजुरांची चाळही ठेवली आहे. स्वीडनमधली ती पद्धत १९४५ मध्ये बंद झाली, म्हणजे लग्नगड्यांनी मान वर केली त्याच वर्षी. भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयात आदिवासी घरे त्या-त्या जमातींच्या माणसांनी येऊन बांधली आहेत. दोन्ही उपक्रम चांगले, आणि भोपाळचा तर अधिक शहाणा, कारण तिथे घरासोबत बांधणाराही बोलावला गेला. तरी संग्रहालयात पोचते ते घर. जागेचा हक्क आणि कारवीचा उतार तिथे नेता येत नाही. दुसरा मार्ग बाजाराचा. कृषी पर्यटन केंद्रांत, फार्महाउसात लिंपलेल्या भिंती आणि पेंढ्याची छपरे शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी पुन्हा आली आहेत. बांधणाऱ्या ठाकूर-कातकरी गड्याला त्यात मजुरी मिळते, तेवढ्यापुरते बरे. वारली चित्रांचे असेच झाले. कुडाच्या गेरूवर तांदळाच्या पिठाने काढलेला लग्नचौक कागदावर उतरला, जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, चित्रशैलीला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या भिंतीवर ती जन्मली तिला काही मिळाले नाही.

तिसरा मार्ग कमी आकर्षक आहे आणि त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे, मुरबाडमधली काही गावेही आहेत. तिथे १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेला आपल्या परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक साधने राखण्याचा अधिकार देतो. कोणत्या उतारावरची कारवी घरांसाठी ठेवायची, कोणाच्या हाताला बांधणीची विद्या आहे, कोणती जुनी घरे मोजून-चितारून ठेवायची, हे ठरवणारा ठराव ग्रामसभा आज करू शकते. २००६ चा वनहक्क कायदा बांबू, काटक्या, झुडपे यांना गौण वनोपज मानतो आणि त्यांवर रानात राहणाऱ्यांचा हक्क मान्य करतो. आदिम जमातींच्या वसतिस्थानाचा हक्कही त्यात आहे. १९७० मध्ये अभयारण्य झालेल्या तानसाच्या रानात हा हक्क वापरायला वनखात्याशी बोलावे लागेल, पण बोलायला आधार आहे. घरकुलाच्या आराखड्यात खोल वळचण, ओटी आणि कुडाची एक भिंत बसवायला मंत्रालयाचा स्वतःचाच ग्रंथ पुरेसा आहे. ज्याला सिमेंटच हवे त्याने सिमेंट घ्यावे. कूड हवा असणाऱ्याला तो गरिबीची लाज न वाटता निवडता यावा.

या सगळ्याच्या आधी मात्र पायाखालची जागा. ज्याच्या नावावर गुंठाभरही नाही त्याच्याकडून आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचे नियोजन करण्याची अपेक्षा धरता येत नाही आणि घरकुलाचा हप्ताही जागेच्या कागदाशिवाय अडतो. जुन्या वाडीच्या वहिवाटीचा पुरावा म्हणून शेजाऱ्यांचे जबाब, शाळेच्या पटावरचे पत्ते, जन्म-मृत्यूच्या नोंदी, मतदारयाद्या चालू शकतात. तालुक्याच्या एखाद्या वकिलाने किंवा शिक्षकाने महिनाभर मन लावले तर एका वाडीचे कागद जमतात. कूळ कायद्याच्या अठराव्या कलमाखाली दाद मागायची ती शेतजमीन न्यायाधिकरणाकडे, आणि ते काम तहसीलदार पाहतात. वारशाची कळकळ असणाऱ्यांनी पहिला अर्ज पुरातत्त्व खात्याकडे न देता शहापूरच्या आणि मुरबाडच्या तहसील कार्यालयात द्यावा.